तांब्याची वेणी

स्तामेनानं बटण दाबलं. टक् झालं आणि पुढे काहीच नाही. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा टक्.

"अगं बये, नुसतं दार काय वाजवतेस? बाहेर ये की!" ती ट्रॅक्टरवर खेकसली.

ट्रॅक्टरशी ती बाईमाणसाशी बोलावं तसं बोलायची, कारण तिच्या नवऱ्यानं, झिवोरादनं, त्याचं नाव रुमेन्का ठेवलं होतं. आमच्या सर्बियात, म्लावा नदीकाठी तांबड्या गाईला रुमेन्का म्हणतात. गोठ्यातली रुमेन्का म्हातारी होऊन मेली त्याच वर्षी हा लाल ट्रॅक्टर दारात आला, म्हणून नाव तेच चालू ठेवलं. त्याला आता चाळीस वर्षं झाली. झिवोरादला जाऊन तीन वर्षं झाली, पण रुमेन्का अजून होती. सध्या तर ती बोहल्यावर चढायला निघाल्यासारखी दिसत होती. रंग इतका चकचकीत की त्यात स्तामेनाला आपला घामेजलेला चेहरा दिसत होता. चाकांच्या वाट्या पांढऱ्याशुभ्र, बॅटरी नवीकोरी. एवढा साजशृंगार करून बाई जागची हलायला तयार नाही.

हा शृंगार केला होता तिच्या लेकानं, नेगोवाननं. तो वीस वर्षं व्हिएन्नात एका गॅरेजात गाड्या रंगवतो. ऑगस्ट लागला की आमच्याकडे परदेशी नंबरच्या गाड्यांची रांग लागते. महिनाभर गाव असं भरतं की कोंबडीला रस्ता ओलांडता येत नाही, आणि सप्टेंबर उजाडला की पुन्हा आहेत म्हातारी माणसं आणि कुत्री. नेगोवाननं अंगणात तीन मजली घर बांधलं होतं, फाटकावर सिमेंटचे दोन सिंह बसवले होते. आतल्या सोफ्यांवरचं प्लास्टिक बारा वर्षं झाली तरी निघालं नव्हतं. स्तामेना राहायची मागच्या दोन बुटक्या खोल्यांत, चुलीपाशी. बडा घर पोकळ वासा, असं ती म्हणायची, पण लेकाच्या तोंडावर नाही.

या वर्षी लेक आला तो मनाशी ठरवूनच. त्याचं कारण मार्चमध्ये घडलं होतं. जुनी बॅटरी मरायला टेकली होती, तेव्हा स्तामेना सारं गाव करतं तेच करत होती. ट्रॅक्टर उतारावर लावायचा, ब्रेक सोडायचा, घरंगळायला लागला की गिअरात टाकायचा, इंजिन आपोआप धडधडतं. आमच्याकडे निम्मे ट्रॅक्टर असेच चालू होतात. सोयरीक जुळवताना सुद्धा लोक बघतात, मुलाचं घर चढावर आहे की सपाटीला! तर त्या दिवशी गिअर पडलाच नाही. रुमेन्का तिला घेऊन सरळ ओढ्यात गेली. खांद्याचं हाड मोडून स्तामेना दोन तास चिखलात पडून होती, आणि जवळ होता तो फक्त कुत्रा.

"आई, आता बास," नेगोवान आल्या दिवशीच म्हणाला होता. "उताराचं नाव काढायचं नाही. नवी बॅटरी आणलीय. मी निघतो शेवटच्या रविवारी सकाळी. तोवर हा बटणावर चालू झाला तर राहा हिवाळाभर. नाही झाला तर तू माझ्याबरोबर व्हिएन्नाला. जंगलातून लाकडं कशी आणणार? वरच्या कुरणात मेंढ्यांना पाणी कसं नेणार? डोक्यावरून?"

"आणि मेंढ्या?"

"मेंढ्या देऊन टाकू कुणाला तरी."

"आणि मी? मला कुणाला देणार?"

"आई!"

तिनं कबूल केलं होतं. नवी बॅटरी आली म्हटल्यावर भ्यायचं काय, असं तिला वाटलं. मग त्यानं दहा दिवस राबून रुमेन्का घासली, रंगवली, वाळवली. आता शुक्रवारची दुपार झाली होती आणि बटण म्हणत होतं टक्.

स्तामेना ट्रॅक्टरवरून उतरली, अंगणात दोन चकरा मारल्या, चुलीवरच्या मिरच्या उलटवल्या, पुन्हा गोठ्यापाशी आली. तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. एक गोष्ट तिला काट्यासारखी सलत होती. जुन्या मेलेल्या बॅटरीवर सुद्धा रुमेन्का कण्हतकुंथत अर्धा फेरा तरी फिरायची. आता नवी बॅटरी, आणि अर्धाही फेरा नाही. असं कसं होईल? आणि नेगोवान तिकडे शीळ घालत गाडी धूत होता. ट्रॅक्टर चालू होत नाही याचं त्याला काही सुखदुःख होतं का? तिची बॅग तर त्यानं बुधवारीच भरून गाडीच्या डिकीत ठेवली होती. "भरलेली असू दे, लागली तर घाई नको," म्हणे.

तिच्या मनात पाल चुकचुकली. तिनं ती हाकलली. आईनं असला विचार करावा का? नाही करावा. पण पाल गेली नाही, तिथेच भिंतीला चिकटून राहिली.

"तिहोमिरला बोलाव," ती लेकाला म्हणाली.

"बोलावतो की. पण तिहोमिरकाकांना हल्ली एका डोळ्यानं दिसत नाही, आई."

"दुसऱ्यानं दिसतं ना? बोलाव."

तिहोमिर मिस्त्री पूर्वी सहकारी सोसायटीच्या ट्रॅक्टरशेडात होता. आसपासच्या सात गावांतला एकही ट्रॅक्टर त्याच्या शिव्या खाल्ल्याशिवाय म्हातारा झालेला नाही. झिवोरादचा तो जिवलग. सायकलवरून आला, रुमेन्काभोवती एक फेरी मारली आणि डोकं खाजवलं.

"वहिनी, हिला कपाट बनवायचं ठरवलंय का? काय हा रंग! हात लावायची भीती वाटते."

"नेगोनं केलाय. तीन हात दिलेत."

"दिसतंय. पोरा, तुझ्या बापानं जन्मभर हिला नुसता ओला फडका मारला, तरी ती चालायची."

"म्हणूनच गंजली होती, काका," नेगोवान म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा ताठा होता, आणि का नसावा? काम खरंच देखणं झालं होतं. बोल्टच्या खाचांत सुद्धा रंग पोचला होता.

तिहोमिरकडे मीटर वगैरे काही नाही. त्याच्याकडे आहे गाडीचा एक बल्ब आणि त्याला लावलेल्या दोन वायरी, बास. त्यानं बल्ब बॅटरीच्या दोन टोकांना लावला. लख्ख पेटला. "दाबा बटण." स्तामेनानं दाबलं, टक् झालं, बल्ब तसाच लख्ख.

"बघा. सेल्फ फिरायला लागला की बॅटरीचा घाम निघतो, बल्ब मंदावतो. हिला घामच आलेला नाही. म्हणजे बॅटरीला कुणी काम सांगतच नाहीये. बॅटरी बदललीत तुम्ही, पण ते रोग रेड्याला आणि औषध पखालीला झालं." मग त्यानं एक टोक सेल्फच्या जाड वायरीला आणि दुसरं बॅटरीच्या उणे टोकाला लावलं. पुन्हा बटण, पुन्हा लख्ख. "इथवर तर वीज येते. मग फिरत का नाही? सेल्फच मेला असणार. काढा खाली."

सेल्फ काढायला दीड तास लागला, कारण प्रत्येक बोल्टवर रंगाचं टोपण बसलं होतं. नेगोवाननं पाना फिरवला, आडवेतिडवे हात घातले, कोपर सोलून घेतलं. स्तामेना त्याच्याकडे बघत राहिली. मन लावून काम करत होता पोरगा. की दाखवायला करत होता? हा दुसरा प्रश्न आला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. ती कॉफी ठेवायला आत गेली.

सेल्फ उघडून तिहोमिरनं कार्बन बघितले, साफ केले, स्प्रिंगा दाबून पाहिल्या. मग जमिनीवर गोणपाट टाकून त्याच्यावर सेल्फ पायाखाली दाबून धरला, बॅटरीच्या वायरी थेट त्याला लावल्या आणि सेल्फ असा गर्रकन फिरला की कोंबड्या उधळल्या.

"ठणठणीत आहे!" तिहोमिर ओरडला.

"देवा, तुझी कृपा," स्तामेना म्हणाली. तिनं छातीवर क्रॉसची खूण केली आणि राकियाची, घरच्या दारूची, बाटली आणायला धावली.

सेल्फ पुन्हा बसवला. तिहोमिरनं पहिला घोट झिवोरादच्या नावानं जमिनीवर सांडला, दुसरा स्वतःच्या घशात ओतला, आणि हात करून म्हणाला, "दाबा वहिनी."

टक्.

तिहोमिरनं पेला खाली ठेवला. "जमिनीवर फिरतो आणि जागेवर बसवला की रुसतो. असं मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही. उद्या येतो. डोळा दुखायला लागलाय." आणि सायकल ढकलत निघाला. जाताना सिंहाला एक टपली मारून गेला.

नेगोवाननं हात धुतले. "आई, प्रयत्न केला ना आपण?" तो हळूच म्हणाला.

"केला ना काय? अजून उद्याचा दिवस आहे!"

"आहे. मी कुठे नाही म्हणतोय?"

त्याच्या आवाजातला तो समजूतदारपणा तिला सहन होईना. भांडला असता तर बरं झालं असतं. डोकं दुसरीकडे लावायला म्हणून ती व्हिएन्नातल्या नातवंडांसाठी केलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या डिकीत नेऊन ठेवू लागली. बरण्या लवंडू नयेत म्हणून तिनं बॅग सरकवली, तर मागे जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. उघडून पाहिलं. तांब्याच्या तारांची वेणी होती, हातभर लांब, दोन बोटं रुंद, एका टोकाला भोक आणि दुसरं भोक टोकापासून वीतभर आत. ओळखीची वाटली. कुठे पाहिली होती? सुनेला काही हवं असेल, असं म्हणून तिनं ती परत गुंडाळली आणि बरण्या नीट लावल्या.

शनिवारी सकाळी मेंढ्या सोडून आली ती थेट रुमेन्कावर चढली. नेगोवान अजून उठला नव्हता. "आज नखरे नकोत," ती म्हणाली आणि बटण दाबून धरलं. सोडलंच नाही. टक् झाल्यावर सुद्धा धरून ठेवलं, दहा मोजले, सोडलं, पुन्हा दहा मोजले. असं पाच-सहा वेळा. त्याचा काही उपयोग नाही हे तिलाही कळत होतं, पण माणूस बंद दारावर जास्त वेळ हात मारतो तो काय दार उघडेल म्हणून?

शेवटी हताश होऊन ती उतरायला लागली आणि हात आपोआप इंजिन बंद करायच्या मुठीवर गेला. पुढच्या पत्र्यातून बाहेर आलेली ती छोटी मूठ ओढली की इंजिन बंद होतं. स्तामेना चाळीस वर्षं उतरताना तीच धरायची आणि झिवोराद होता तोवर ओरडायचा, ती काय जिन्याची दांडी आहे का!

"आई गं!" तिनं हात झटकला.

मूठ चुलीवरून उतरवलेल्या तव्यासारखी तापली होती. वाकून बघितलं तर मुठीपासून इंजिनापर्यंत गेलेल्या तारेच्या वेष्टणातून बारीकसा धूर येत होता.

तिहोमिर आला तेव्हा ती फाटकात उभीच होती. "मिस्त्री, सायकल टाका तिथेच. हिला ताप आलाय, पण भलत्याच ठिकाणी."

तिहोमिरनं मूठ चाचपली. बटण दाबायला लावलं, पुन्हा चाचपली. मग त्यानं कपाळावर इतक्या जोरात हात मारला की टोपी पडली.

"गाढव आहे मी! सात गावचा मिस्त्री, आणि काखेत कळसा, गावाला वळसा! वहिनी, ऐका. वीज बॅटरीतून निघते, सेल्फ फिरवते, आणि मग तिला परत बॅटरीत यायचं असतं. जायचा रस्ता धडधाकट आहे, मी काल तो सगळा तपासला. यायचा रस्ताच नाहीये! मग ती बिचारी मिळेल त्या बोळातून घुसते. या मुठीची तार एका टोकाला इंजिनाला, दुसऱ्या टोकाला पत्र्याला. त्या बोळातून सगळी वरात जाणार कशी? बोळ तापणार नाही तर काय? काल जमिनीवर मी वायर थेट सेल्फच्या अंगाला लावली, म्हणून तो फिरला." तो गुडघ्यांवर बसून बॅटरीखाली डोकावला. "झिवोरादनं इथे अर्थिंगला वेणी लावली होती. बॅटरीपासून गिअरबॉक्सच्या बोल्टपर्यंत. सोसायटीच्या जुन्या मशीनची तार घेऊन स्वतः विणली होती, आम्ही हसलो होतो त्याला. ती कुठाय? इथे तर ही बारकी काळी वायर आहे, नुसती पत्र्याला अडकवलेली, आणि तीही रंगावर!"

स्तामेनानं मान वळवून गाडीकडे बघितलं. टॉवेल. डिकी. हातभर लांब.

झिवोराद हिवाळ्यात चुलीपाशी बसून ती वेणी विणत होता. "मुलगी असती तर वेण्या घातल्या असत्या, आता हिच्या घालतो," असं म्हणाला होता. ते तिला आत्ता आठवलं. काल का नाही आठवलं?

आता सगळं लख्ख दिसत होतं, आणि दिसू नये असं वाटत होतं. बॅग बुधवारी भरली. वेणी काढून लपवली. गाडी धुताना शीळ. पोटच्या पोरानं तिचे पाय बांधले होते, तेही असे की तिला वाटावं ट्रॅक्टरच मेला. ती गाडीपाशी गेली, डिकी उघडली, बरण्या लवंडल्या त्याची पर्वा केली नाही, आणि वेणी घेऊन आली. नेगोवान डोळे चोळत सिंहांच्या मधून येत होता. तिनं ती त्याच्या पायांपाशी आपटली.

"हे काय आहे?"

नेगोवाननं खाली बघितलं. त्याचे कान लाल झाले, लहानपणी काच फुटली की व्हायचे तसे.

"बाबांची आहे."

"ते मला माहितीय! तुझ्या डिकीत काय करतेय?"

"नेत होतो. तिकडे. रंगवताना काढली, काळीकुट्ट होती, ग्रीसमध्ये बरबटलेली. मला वाटलं उगीच जुनं काहीतरी बांधून ठेवलंय. नवी वायर लावली मी तिच्या जागी. मग घासल्यावर कळलं, हातानं विणलीय. बाबांच्या हाताचं माझ्याकडे काहीच नाही, आई. घर मी बांधलं, सोफे मी आणले. त्यांच्या हाताचं काय आहे माझ्याकडे?" तो तिहोमिरकडे वळला. "मी रंगारी, काका. आमच्याकडे गाडी येते तेव्हा दुसऱ्यांनी सगळं सोडवलेलं असतं, माझ्यानंतर दुसरे जोडतात. मला सांगतात, एक ठिपकाही उघडा राहता कामा नये. मी तेच केलं."

"आणि तेच नडलं!" तिहोमिर म्हणाला. "लोखंडाला लोखंड भेटायला हवं, पोरा. मधे तुझे तीन हात घातलेस, आणि अर्थिंगची सोयरीक मोडली."

तिहोमिर हसला. नेगोवाननं हसायचा प्रयत्न केला. स्तामेना हसली नाही. तिला पटलं, आणि नाही पटलं. लेकाचा चेहरा खरा दिसत होता. पण वीस वर्षं परदेशात राहिलेल्या माणसाचा चेहरा महिन्याभरात कितीसा वाचता येतो? इच्छा असली की माणसाचा हात चुकतो, आणि हात चुकला की त्याला कारण सापडतं. मनातली पाल काही हलली नाही.

तिहोमिरनं गिअरबॉक्सवरचा बोल्ट काढला आणि खिशातला चाकू नेगोवानपुढे धरला. "तूच खरवड. मला कमी दिसतं."

नेगोवाननं चाकू घेतला. पहिला ओरखडा काढताना तो थांबला, जणू स्वतःच्याच अंगावर काढतोय. मग भराभर खरवडत गेला. लाल, त्याखाली करडा, त्याखाली पांढरं लोखंड. नाण्याएवढी जागा चमकायला लागल्यावर वेणी तिच्या जागी बसवली, दुसरं टोक बॅटरीला घट्ट आवळलं.

"वहिनी, चढा."

"नाही," स्तामेना म्हणाली. "नेगो, तू चढ. तू दाब बटण."

नेगोवाननं तिच्याकडे बघितलं आणि चढला. ती मागे नांगर अडकवायच्या दांडीवर उभी राहिली, हात त्याच्या खांद्याजवळच्या पत्र्यावर.

त्यानं बटण दाबलं. रुमेन्का एकदा कण्हली, दोनदा खोकली, आणि काळ्या धुराचा लोट सोडून धडधडायला लागली. दारूच्या बाटलीनं ताल धरत तिहोमिर अंगणात गोल गोल नाचला. "झिवोराद! ऐकतोस का रे? तुझी गाय हंबरली!" मग म्हणाला, "जरा चालू द्या, चार्जिंगचा दिवा विझेल आता. मी तोवर पेले आणतो," आणि चुलीकडे गेला.

अंगणात मायलेक राहिले आणि इंजिनाचा आवाज.

पुढच्या पत्र्यावर चार्जिंगचा लाल दिवा होता, वाटाण्याएवढा. इंजिन चालू झालं की तो विझायला हवा. म्हणजे मग बॅटरी भरायला लागली. तो विझला नाही. भर उन्हात मिणमिणत होता, इतका मंद की एका डोळ्याच्या तिहोमिरला कधीच दिसला नसता. स्तामेनाला नेगोवानच्या दंडाखालून तो दिसत होता. त्याचा अर्थ तिला झिवोरादनं चाळीस वर्षांपूर्वीच शिकवला होता. इंजिन चालू असताना लाल दिवा, म्हणजे बॅटरी नुसती खातेय, मिळत काही नाही. चार दिवस बटणावर चालू होईल, पाचव्या दिवशी पुन्हा टक्. पाचव्या दिवशी नेगोवान व्हिएन्नात असेल, आणि तिथून फोन करेल, बघ आई, मी म्हणालो नव्हतो?

नेगोवानही दिव्याकडे बघत होता.

ती बोलली नाही. बोल की, नेगो, तिनं मनात म्हटलं. बोल, नाहीतर बोलू नकोस, मग मला कळेल.

त्यानं इंजिनाचा वेग वाढवला. दिवा मिणमिणत राहिला. वेग कमी केला. मान वळवून गाडीकडे बघितलं, उघड्या डिकीकडे, बॅगेकडे. नंतर बराच वेळ त्यानं काहीच केलं नाही. आत चुलीपाशी तिहोमिर पेले धूत काहीतरी गुणगुणत होता.

नेगोवाननं मूठ ओढली. इंजिन बंद झालं.

"आई, एक जागा राहिलीय."

"कुठली?"

"दिवा विझत नाहीये. बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरच्या कानामागे, तो इंजिनाला टेकतो तिथे, मी रंग घातलाय. आठवतंय मला, बोल्ट काढून घातला होता, आतून गंजू नये म्हणून." तो उतरला, चाकू उघडला आणि इंजिनाच्या बाजूला वाकला. बोल्ट सैल केला, अल्टरनेटर बाजूला सरकवला आणि खरवडायला लागला. लाल भुकटी त्याच्या मनगटावर पडत होती. एवढा मोठा माणूस, डोक्यावर टक्कल पडायला लागलेलं, आणि नाक ओढत काम करत होता. रडत होता की रंगाच्या भुकटीनं नाक वाहत होतं, ते तिनं विचारलं नाही.

बोल्ट आवळून तो पुन्हा चढला. बटण दाबलं. रुमेन्का एका दमात उठली. लाल दिवा एकदा लुकलुकला आणि विझला.

स्तामेना दांडीवरून उतरली ती तिथेच जमिनीवर बसली. तो घाबरून खाली आला. "आई! खांदा दुखला का?"

"नाही रे बाबा. ऐक. मला वाटलं होतं तू मुद्दाम केलंस. मला न्यायला. दोन दिवस मी तेच मनात घोळवत होते. आईच्या मनात येऊ नये ते आलं."

नेगोवान तिच्याशेजारी बसला. इंजिनाच्या आवाजात त्याला थोडं मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि हे असलं बोलणं मोठ्यानं बोलायचं नसतं.

"मुद्दाम नव्हतं केलं. पण मघाशी तो दिवा बघितला ना, तेव्हा गप्प बसणार होतो. अगदी ठरवलं होतं, आई. तू ओढ्यात पडलीस तेव्हा मी तिथे एका निळ्या गाडीचं दार रंगवत होतो. दोन तास. माझी आई चिखलात आणि मी दार रंगवतोय. ते डोक्यातून जात नाही."

"माहितीय. दिवा मलाही दिसत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलतोस का ते बघत होते."

तिहोमिर पेले घेऊन आला, दोघांना जमिनीवर बसलेलं पाहून थबकला, दिव्याकडे नाक लावून बघितलं आणि म्हणाला, "विझलाय ना? मग रडताय कशाला, मेलं कोण?" त्यावर स्तामेना हसली, दोन दिवसांनी पहिल्यांदा, आणि हसता हसता तिला हुंदका आला.

रविवारी सकाळी नेगोवाननं बॅग डिकीतून काढून तिच्या खोलीत नेऊन ठेवली. जड होती. त्यानं त्यात तिच्यासाठी आत लोकर असलेले नवे बूट घातले होते, तिकडच्या बर्फासाठी. "इकडेही पडतो बर्फ," तो म्हणाला आणि बूट दाराशी मांडून ठेवले.

तो निघायच्या आधी तिनं पत्रा कापायची कात्री घेतली आणि रुमेन्काखाली वाकली. झिवोरादला कुठलीही गोष्ट मोजून करता आली नाही, कायम वीतभर जास्त. वेणीचं एक टोक बोल्टच्या पुढे उगाच लोंबत होतं. तिनं ते कापलं, रुमालात गुंडाळलं आणि गाडीच्या खिडकीतून लेकाच्या मांडीवर ठेवलं.

"बघ, काही बिघडलं तर नाही ना आता?" तो काळजीनं म्हणाला.

"थांब, दाखवते."

तिनं बटण दाबलं. नेगोवानची गाडी सिंहांच्या मधून बाहेर पडली आणि तिच्यामागे रुमेन्का, गावाच्या वेशीपर्यंत. वेशीवर तो हॉर्न वाजवून निघून गेला. तिनं ट्रॅक्टर वळवला आणि पाण्याची टाकी घ्यायला घरी आली. वाटेत तिनं तीनदा दिव्याकडे बघितलं. विझलेलाच होता.